घरच्या भांड्याकुंड्यांना मान देणारे काका केळकर

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत थोरामोठ्यांची चरित्रे देण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. संतांची चरित्रे आपण वाचतो, राज्यकर्त्यांची वाचतो, समाजसुधारकांची वाचतो. त्यांची कार्ये मोठी असतात, आणि ती वाचताना आपला ओटा, आपली मांडणी, आपल्या फडताळातील चार बरण्या फार लहान वाटू लागतात. म्हणून ह्या खेपेस अशा एका गृहस्थांचे चरित्र भगिनींपुढे ठेवावयाचे योजले आहे, की ज्यांनी सारा जन्म ह्या मांडणीचेच मोल ओळखण्यात घालविला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक दिनकर गंगाधर केळकर ते हे. लोक त्यांना काका केळकर म्हणत. आपणही ह्या लेखात त्यांना काकाच म्हणू.

आपण पंढरपूरकर बायका बाजाराच्या सहवासात वाढलेल्या. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार यात्रा आपल्या दारात भरतात. देवदर्शन झाले की बायकांची पावले आपोआप दुकानांकडे वळतात. टाळ, समया, निरांजने, कुंकवाचे करंडे, पितळी मूर्ती, मातीची भांडी, चिनी मातीच्या बरण्या ह्यांच्यापुढे आपण उभ्या राहतो, वस्तू हातात घेतो, उलटी करून पाहतो, आणि पुष्कळदा न घेताच पुढे जातो. घरची पुरुषमंडळी ह्या नादाची थट्टा करतात. काका केळकरांनाही हाच नाद होता. फरक एवढाच की त्यांनी तो नाद मनापासून आणि न लाजता सत्तर वर्षे जोपासला, आणि त्यातून महाराष्ट्राला एक संग्रहालय मिळाले.

काकांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. पोटापाण्यासाठी त्यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. मन मात्र कवितेत रमलेले असे. ‘अज्ञातवासी’ ह्या टोपणनावाने ते कविता लिहीत, आणि त्यांच्या कविता ‘अज्ञातनाद’ ह्या नावाने पुस्तकरूपानेही प्रसिद्ध झाल्या. इतिहासाची त्यांना मोठी ओढ होती. ज्याला इतिहासाची ओढ आहे तो सहसा तलवारीकडे, ढालीकडे, नाण्याकडे किंवा जुन्या कागदाकडे वळतो. काकांनाही ह्या गोष्टींची आवड होतीच. पण त्यांची नजर तेवढ्यावर थांबली नाही. तलवार धरणारा जेवत कशात होता, त्याच्या घरी दिवा कसला होता, त्याची बायको कुंकू कशात ठेवीत होती, त्याची मुले कशाने खेळत होती, हेही त्यांना पाहावेसे वाटले.

साधारण १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमविण्यास प्रारंभ केला. तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. पेशवाई जाऊन शंभर वर्षे झाली होती. जुन्या वाड्यांची रया गेली होती, वाटण्या होत होत्या, माड्या पडत होत्या. वाडा विकला की त्याच्या कोरीव चौकटी सरपणात जात आणि माळ्यावरचे तांब्यापितळेचे सामान मोडीत जाई. मोडीच्या दुकानात वस्तूला रूप नसते, तिथे फक्त वजन असते. मोराच्या आकाराचा दिवा आणि फुटकी तपेली एकाच तागडीत पडतात आणि एकाच भट्टीत वितळतात. सोन्याचांदीच्या वस्तू निदान लोक जपून तरी ठेवीत. पितळेचा अडकित्ता किंवा लाकडाची फणेरपेटी जपावी असे कोणास वाटणार? ती तर रोजची वस्तू. रोजची म्हणूनच ती सर्वांत आधी नाहीशी होते.

काकांनी नेमकी हीच वस्तू धरून ठेवली. त्यासाठी ते गावोगाव हिंडले, जुन्या घरांतून चौकशा केल्या. संग्रह आधी महाराष्ट्रातला, मग गुजरात, राजस्थान, दक्षिणेकडील प्रांत असा वाढत गेला. एखाद्या संस्थानिकाने खजिन्याच्या बळावर केलेला हा संग्रह नव्हे. दुकान चालवून संसार करणाऱ्या मध्यम स्थितीतील माणसाने तो एकेक नग करून जमविला. १९६० च्या सुमारास त्यातील वस्तूंची संख्या सुमारे पंधरा हजारांवर गेली होती. ज्या भगिनींना सणासुदीला वीस-पंचवीस भांडी काढून घासून पुसून पुन्हा जागच्या जागी ठेवण्याचा अनुभव आहे, त्यांना पंधरा हजार म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको.

आता त्या संग्रहात आहे तरी काय, ते थोडक्यात पाहू. चित्रे आहेत, कोरीव दारे आणि खिडक्या आहेत, वाद्ये आहेत, वस्त्रे आहेत. कोथरूड येथे अठराव्या शतकात बांधलेल्या मस्तानी महालाचे अवशेष आणून ते इथे पुन्हा उभे केले आहेत, आणि पाहुण्यांची गर्दी बहुधा तिथे होते. परंतु आपण बायकांनी पावले रेंगाळू द्यावीत ती दिव्यांपाशी, अडकित्त्यांपाशी आणि स्वयंपाकाच्या सामानापाशी.

अडकित्ता हे तसे पाहिले तर एक साधे हत्यार. दोन पाती, मध्ये एक खिळा आणि खाली दोन दांड्या. सुपारी कातरण्यापलीकडे त्याला काम नाही. पण कारागिराने त्याचा घोडा केला, पोपट केला, कुठे स्त्रीपुरुषांची जोडी केली. अडकित्ता उघडमीट करावा तशी ती चित्रे हलतात. सुपारी कातरणाऱ्या माणसाला क्षणभर हसू यावे एवढ्यासाठी कोणी एका लोहाराने किंवा कासाराने किती दिवस डोळे शिणविले असतील! त्याचे नाव आज कोणासही ठाऊक नाही. कवितेखाली ‘अज्ञातवासी’ अशी सही करणाऱ्या माणसाने अशा अज्ञात हातांची कामे गोळा करावीत, हा योग मोठा सुंदर आहे.

दुसरी वस्तू वज्री. आंघोळीच्या वेळी टाचा घासण्याची. आपल्या आज्या-पणज्यांच्या न्हाणीघरात ती असे. घासण्याची बाजू खरखरीत असावी आणि वरची मूठ हातात नीट बसावी, एवढेच तिच्याकडून अपेक्षित. पण त्या मुठीचाही कारागिराने पक्षी केला, प्राणी केला, आणि कित्येक वज्र्यांच्या पोटात खडे घालून ठेवले, म्हणजे टाच घासताना मंजुळ आवाज व्हावा. दिवसभर अनवाणी राबणाऱ्या बाईच्या भेगाळलेल्या टाचांची कोणी एवढी काळजी केली होती, हे पाहून मन भरून येते. राजवाड्यातील सिंहासन पाहून असे होत नाही.

दिव्यांचा संग्रह तर फारच मोठा. समया, लामणदिवे, निरांजने, हातात धरावयाचे दिवे, भिंतीला लावावयाचे दिवे. प्रांताप्रांताची तऱ्हा निराळी. कुठे हत्ती, कुठे मोर, कुठे हातात पणती घेऊन उभी असलेली दीपलक्ष्मी. वीज येण्यापूर्वी घरोघर दिवेलागण करण्याचे काम मुख्यतः बायकांचे. वात वळावयाची बाईने, तेल घालावयाचे बाईने, काजळी पुसावयाची बाईने. म्हणजे ह्या दालनात मांडला आहे तो एका अर्थी आपल्याच संध्याकाळचा इतिहास.

आणि मग पानपुडे, चुनाळी, कुंकवाचे करंडे, फण्या, दौती, शेवया आणि शेव करण्याचे सोरे, भाजी चिरण्याच्या विळ्या. नारळ खोवण्याचा दाता पुढे काढलेल्या विळीचा बाक कसा असतो, तो कोणत्या हेतूने तसा असतो, हे विळीवर बसलेल्या बाईइतके दुसऱ्या कोणाला कळणार? काकांच्या संग्रहात हे सर्व सामान वीणा आणि शस्त्रे ह्यांच्या पंक्तीस बसले. पंक्तिभेद झाला नाही. त्यांच्या कार्याचा गाभा मला तरी हाच वाटतो.

काकांच्या जीवनात एक मोठा दुःखाचा प्रसंग आला. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा बालवयातच वारला. ज्या घरावर असा घाला पडतो ते घर पुष्कळदा बंद होते. माणसे बोलेनाशी होतात, वस्तू जागच्या जागी धूळ खातात. काकांनी आपल्या घराची दारे उलट उघडली. पुढे जे संग्रहालय झाले त्याला त्यांनी आपले नाव दिले नाही, मुलाचे दिले. नवखे लोक राजा हे नाव वाचून हे एखाद्या राजाचे संग्रहालय असावे असे समजतात. पण राजा दिनकर केळकर हे शाळेच्या हजेरीपटावर लिहावे तसे एका मुलाचे पूर्ण नाव आहे. मधले नाव तेवढे वडिलांचे. हे ध्यानात आले की प्रवेशद्वारावरची पाटी निराळी दिसू लागते. जो मुलगा मोठा होऊन घर चालवावयाचा, त्याच्या नावाने हजारो घरांच्या वस्तू एका छपराखाली नांदत आहेत.

काकांच्या सहधर्मचारिणी कमलाबाई ह्यांचा उल्लेख केल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळच्या नातूबागेत हे संग्रहालय आहे, आणि त्या वास्तूचे नाव कमलकुंज. नवऱ्याचा नाद हा बायकोच्या संमतीशिवाय आणि श्रमांशिवाय सत्तर वर्षे टिकत नसतो. घरी आलेली प्रत्येक वस्तू कुठे तरी ठेवावी लागते, तिची धूळ झाडावी लागते, पितळ असेल तर चिंच लावून घासावे लागते, आणि महिन्याचा खर्च त्यातून बसवावा लागतो. कमलाबाईंनी पतीच्या ह्या कार्याला आपले मानले. घरात माणसांपेक्षा वस्तूंना जागा अधिक लागू लागली तरी ज्या बाईने कपाळाला आठी घातली नाही, तिचा वाटा अर्धा तरी मानलाच पाहिजे.

ह्याच काळात दूर जपानमध्येही एक दांपत्य अशाच कामात गुंतले होते. ह्या दोन घरांची एकमेकांना ओळख असल्याचे कुठे दिसत नाही, तरी दोघांची कथा शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. सोएत्सु यानागी हे त्या जपानी विचारवंताचे नाव. जन्म १८८९ चा. १९१४ साली एका परिचिताने त्यांना कोरियातील चिनी मातीचे एक साधे भांडे भेट म्हणून आणून दिले, आणि त्या भांड्याने त्यांचे आयुष्य बदलले. कोरिया त्या वेळी जपानच्या अंमलाखाली होता. जित लोकांच्या घरातील भांड्यांत जेत्यांनी शिकावे असे सौंदर्य आहे, हे सांगावयास धैर्य लागते. यानागींनी ते सांगितले, आणि १९२४ साली कोरियाच्या राजधानीतच तिथल्या लोककलेचे संग्रहालय उघडले. त्यासाठी पैसा कसा उभा राहिला? त्यांच्या पत्नी कानेको ह्या नामांकित गायिका होत्या. त्यांनी कोरियात जाऊन गाण्याच्या बैठकी केल्या आणि त्याचे उत्पन्न ह्या कार्याला दिले.

पुढे यानागी काही वर्षे क्योटो शहरी राहिले. तिथे तोजी नावाच्या देवस्थानाच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेस आणि किटानो देवस्थानी २५ तारखेस बाजार भरतो. देवाच्या दारचे हे बाजार आजही भरतात. यानागी ह्या बाजारांतून हिंडत आणि लोणच्याच्या बरण्या, तेलाच्या बशा, शेतकऱ्यांच्या घरची कापडे विकत घेत. जुने सामान विकणाऱ्या म्हाताऱ्या बायका अशा मालाला हलका माल म्हणत, आणि तो हलका मालच त्यांना हवा असे. १९३६ साली टोकियोत त्यांनी लोककलेचे संग्रहालय स्थापले. १९६१ मध्ये ते निवर्तले.

क्योटोचा तो बाजार आणि आपला यात्रेचा बाजार ह्यांत भाषेचे आणि पोशाखाचे अंतर सोडले तर फारसे अंतर नाही. देवाच्या दारी माणसे जमतात, आणि जिथे माणसे जमतात तिथे घरच्या वस्तू येतात. यानागी ह्यांनी ह्या विषयावर ग्रंथ लिहिले, चळवळ केली, शिष्य केले. काका कवी असूनही त्यांनी वस्तूंविषयी फार मोठे तत्त्वज्ञान उभे केले नाही. त्यांनी वस्तू मांडल्या आणि पाहणाऱ्याला पाहू दिले. दोघांचे काम मात्र एकच. जिच्याकडे कोणी पाहिले नाही तिच्याकडे त्यांनी पाहिले.

१९६२ साली काकांचा संग्रह रीतसर संग्रहालय म्हणून सुरू झाला, आणि १९७५ साली त्यांनी तो सारा महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याच्या स्वाधीन केला. ह्या दानाचा थोडा विचार करावा. पंचावन्न वर्षे एकेक करून आणलेल्या वस्तू. प्रत्येकीची कथा ठाऊक, प्रत्येकीसाठी कधी ना कधी पदरमोड केलेली. जुन्या वस्तूंना बाजारात किंमत येऊ लागली होती, आणि हा संग्रह सुटासुटा विकला असता तर घरात पैसाही आला असता. त्यांनी तो फुटू दिला नाही. मुलगी सासरी पाठवावी तसा सगळा ऐवज त्यांनी जनतेच्या घरी पाठविला. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी. लिट. ही पदवी दिली, आणि भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. ‘मार्ग’ ह्या मुंबईच्या कलाविषयक प्रकाशनाने त्यांच्या संग्रहावर स्वतंत्र ग्रंथ काढला. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी काका निवर्तले. आज त्यांच्या संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. जागेअभावी त्यांतील सुमारे अडीच हजारच मांडलेल्या असतात, बाकीच्या आपली पाळी येण्याची वाट पाहत आत बसलेल्या आहेत.

चरित्र एवढेच. पण चरित्र वाचावयाचे ते त्यातून काही घेण्यासाठी. काकांकडून आपण पंढरपूरच्या बायकांनी काय घ्यावे?

पहिली गोष्ट म्हणजे वस्तू पाहण्याची रीत. बाजारात मातीच्या मडक्यापुढे उभ्या राहिलात की आधी ते बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. पक्क्या मडक्याचा नाद खणखणीत येतो, तडा असेल तर आवाज बद्द होतो. ही आपल्या आयांची रीत, आणि पंढरपूरकरांना ती संतकथेतूनही ठाऊक आहे. संतमेळ्यात तेरच्या गोरोबाकाकांनी हातात थापटणे घेऊन कोणते मडके पक्के नि कोणते कच्चे ह्याची परीक्षा केली आणि आपल्या नामदेवांना कच्चे ठरविले, ही कथा कोणी ऐकली नाही? कथा भक्तीची आहे, पण ती सुचली कुंभाराच्या अंगणात. कुंभार मडक्याच्या आतून दगडी गोळा धरतो आणि बाहेरून थापटण्याने हळूहळू ठोकीत त्याची भिंत पातळ करीत नेतो. आव्यात भाजलेल्या त्या भिंतीतून पाणी झिरपते, झिरपलेले पाणी हवेत उडून जाते, आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातले पाणी गार. ज्या वस्तूत एवढी युक्ती आहे तिला स्वस्त म्हणून हलकी मानू नये.

चिनी मातीच्या बरणीची गोष्ट निराळी. तिच्यावर झिलई असते. मीठ, आंबट आणि तेल ह्यांपैकी काहीही तिला बाधत नाही, म्हणून लोणचे तिच्यात वर्षभर टिकते. नावातच तिचे माहेर आहे. ज्या पांढऱ्या मातीची उत्तम भांडी होतात तिला केओलिन म्हणतात, आणि ते नाव चीनमधील गाओलिंग ह्या खेड्यावरून पडले आहे. आज जत्रांतून आणि प्रदर्शनांतून उत्तर प्रदेशातील खुर्ज्याच्या नक्षीदार बरण्या येतात, जयपूरची निळी भांडी येतात. जयपूरच्या ह्या भांड्यांत माती जवळजवळ नसतेच. गारगोटीची पूड, काचेची पूड आणि थोडी मुलतानी माती ह्यांचा तो लगदा असतो, आणि ही विद्या इराणकडून आलेली. म्हणजे एका हातगाडीवर चीन, इराण आणि हिंदुस्थान शेजारी शेजारी मांडलेले असतात. ते पाहावयास तिकीट लागत नाही. घ्यावयास पैसे नसले तरी पाहावे आणि दुकानदारास माल कुठला म्हणून विचारावे. चांगला दुकानदार ह्या प्रश्नाने खूष होतो.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची आहे. पूर्वी लग्नात जी भांडी येत त्यांवर नावे घालण्याची पद्धत होती. भांडेवाला छिन्नीने ठोकून ठोकून टिंबाटिंबांची अक्षरे काढी. कोणी दिले, कोणास दिले, कधी दिले. कधी मुलीचे माहेरचे नाव, कधी सासरचे. आपल्या पणज्यांपैकी कितीजणींचे नाव दुसऱ्या कोठे लिहिलेले सापडेल? शेताच्या उताऱ्यावर ते नव्हते, घराच्या पाटीवर नव्हते. पुष्कळजणी शाळेतही गेल्या नाहीत, तेव्हा हजेरीपटावरही नव्हते. लग्नात नाव बदलल्यावर माहेरचे नाव तर घरच्यांच्याही स्मरणातून जाई. ते राहिले ते एखाद्या गडूच्या काठाखाली किंवा परातीच्या पाठीवर. ती परात मोडीत घातली की नावही वितळले. काकांनी मुलाचे नाव जपण्यासाठी संग्रहालय केले. आपल्या घरात एका बाईचे नाव जपण्यासाठी एक तांब्या ठेवता येणार नाही काय?

इथे कोणी भगिनी म्हणतील की, पितळ ठेवावे हे सांगणे सोपे, घासावयाचे कोणी? त्यांचे म्हणणे रास्त आहे. राख आणि चिंच घेऊन मोरीवर बसून ज्यांनी तपेल्यांचे ढीग घासले, वेळेवर कल्हई न झाल्याने ताक आणि आमटी कळकून ज्यांचे अन्न वाया गेले, त्यांना स्टेनलेस स्टीलने मोठाच दिलासा दिला. स्टील आले म्हणून रडण्यात अर्थ नाही, आणि बायकांनी पुन्हा पितळेत रांधावे असेही ह्या लेखाचे सांगणे नाही. जे श्रम वाचले ते वाचलेच पाहिजेत. पण श्रम टाकून देणे निराळे आणि श्रमाची खूण टाकून देणे निराळे. बोहारणीला कपडे देताना आपण खिसे तपासतो. तसेच मोडीत भांडे देताना त्याची पाठ तपासावी. नाव असेल, नक्षी असेल, आकार कुठे पाहण्यात नसेल, तर ते एक भांडे बाजूला काढावे. बाकीची खुशाल द्यावीत.

मंडळालाही ह्यात काही करता येईल. हळदीकुंकवास आपण दर वर्षी जमतो. संक्रांतीला सुगडे पुजतो, आणि सण झाला की ती कुठे तरी पडून राहतात. एका हळदीकुंकवास प्रत्येकीने वाणाबरोबर घरातील एक जुनी वस्तू आणावी. चुनाळे असो, करंडा असो, सोऱ्या असो, आजीची बरणी असो. ती कोणाची, कुठून आली, तिचे काम काय आणि तिला आपल्या घरी काय म्हणतात, हे दोन ओळींत कागदावर लिहून वस्तूशेजारी ठेवावे. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. वस्तू गेली की तिच्याबरोबर तिचा शब्दही जातो. ओगराळे, चुनाळे, चंची, घंगाळ हे शब्द किती मुलींना ठाऊक आहेत, हे आपापल्या घरी विचारून पाहावे. संध्याकाळी वस्तू घरी परत न्याव्यात आणि कागद मंडळाच्या दप्तरात राहू द्यावेत. ह्याला खर्च नाही, कपाट नाही, कुलूप नाही. दहा वर्षांनी त्या कागदांचे मोल काय होईल ते आज सांगता येत नाही, पण काकांनी पहिली वस्तू घरी आणली तेव्हा त्यांना तरी ते कुठे सांगता आले असेल?

पुण्यास जाणे झाले तर भगिनींनी नातूबागेतील हे संग्रहालय अवश्य पाहावे. लहान मुलांना बरोबर न्यावे, आणि शक्य तर घरातील सर्वांत वृद्ध बाईला न्यावे. मुले वस्तू पाहतील आणि आजी त्या कशा वापरावयाच्या ते हाताने दाखवील. काचेच्या कपाटावर लावलेल्या पाटीपेक्षा त्या हाताला अधिक माहिती असते.